सी अर्चिनची अंडी: पाण्यापासून प्लुटियसपर्यंत, आणि मध्ये नेमकं कुठे चुकतं

सी अर्चिन या काटेरी, गोल समुद्री प्राण्याची अंडी लॅबमध्ये फलित करून गर्भ वाढवायचे, असा हा प्रयोग. ठाणे, वाशी, ऐरोली या भागातल्या ज्या विद्यार्थ्यांना मी त्यात मदत करते, त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात मावते: फलन झालं, पण पुढे काही वाढलंच नाही. मग शुक्राणूंना दोष दिला जातो, किंवा प्राणीच खराब आले म्हणून विषय संपतो. प्रत्यक्षात दोष निघतो तो बाटलीतल्या पाण्यात, साबणाने धुतलेल्या बीकरमध्ये किंवा मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या डिशमध्ये. शुक्राणू अंड्याला भिडण्याआधीच या प्रयोगाचा निकाल बराचसा लागलेला असतो. म्हणूनच खाली फलनाचा टप्पा सातवा आहे. पहिले सहा गाळून थेट तिथे उडी मारू नका.

## टप्पा १: घड्याळ उलटं मोजा

कोणती अवस्था जिवंत पाहायची आहे आणि त्या वेळी लॅबची चावी कोणाकडे असेल, हे सगळ्यात आधी ठरवा. आपल्याकडच्या उष्ण समुद्रातल्या जाती २६ ते २८ अंश सेल्सिअसला साधारण अशा वाढतात: फलनानंतर तासाभरात दोन पेशी, दीड तासाच्या आसपास चार, अडीच-तीन तासांत सोळा. सात ते नऊ तासांत ब्लास्टुला, म्हणजे पेशींचा पोकळ गोळा, अंड्याभोवतीचं आवरण फोडून पोहू लागतो. बारा ते सोळा तासांत गॅस्ट्रुला (आतडं आत वळतं ती अवस्था), अठरा-वीस तासांत प्रिझम (प्लुटियसच्या आधीची अवस्था) आणि चोवीस ते तीस तासांत प्लुटियस हा टोकदार बाहूंचा डिंभ.

सकाळी दहाला फलन केलं तर दुपारी एकला सोळा पेशी छान दिसतात, पण गॅस्ट्रुला रात्री दहानंतर होतो आणि तेव्हा लॅबला कुलूप असतं. म्हणून दोन बॅच लावा. पहिली सकाळी दहाला, विभाजनं पाहण्यासाठी. दुसरी संध्याकाळी पाचला, शक्यतो दुसऱ्या मादीच्या ताज्या अंड्यांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिचे गॅस्ट्रुला तयार असतात, दुपारी बाराला प्रिझम आणि संध्याकाळी पाचनंतर प्लुटियस.

सावध: बहुतेक इंग्रजी पाठ्यपुस्तकांतलं वेळापत्रक अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्ट्राँगिलोसेंट्रोटस पर्प्युरेटस या थंड पाण्यातल्या जातीचं आहे. १५ अंशाला तिचं पहिलं विभाजन दीड-दोन तासांनी होतं आणि प्लुटियस व्हायला तीन दिवस लागतात. तो तक्ता भिंतीवर लावलात तर आपल्या जातीची अर्धी वाढ नजरेतून निसटेल.

## टप्पा २: भांडी वेगळी करा

या प्रयोगाची भांडी कायमची वेगळी ठेवा. ज्या बीकरमध्ये कधीकाळी फॉर्मॅलिन होतं तो कितीही धुतला तरी गर्भांसाठी नको. नवी काच घ्या, गरम पाण्याने धुवा, डिस्टिल्ड पाण्याने पाच-सहा वेळा खंगाळा आणि उलटी वाळवा. साबण नाही, डिटर्जंट नाही. ब्रश लागलाच तर तोही नवा.

अंड्यांच्या सगळ्या भांड्यांना आणि ड्रॉपरना निळी टेप लावा, शुक्राणूंच्या भांड्यांना लाल. हा बारीकसारीक सोपस्कार वाटतो, पण वेळेआधीच फलन झालेल्या बीकरचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा इकडून तिकडे गेलेला एखादा ड्रॉपर सापडतो.

## टप्पा ३: पाणी

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त प्रयोग इथेच मरतात.

पहिला मोह खाडीच्या पाण्याचा. समुद्र जवळ आहे, मग वाशीच्या पुलाखालून कॅन भरून आणू, असं दरवर्षी कोणीतरी सुचवतंच. ठाणे खाडीचं पाणी गाळाचं आहे, त्यात सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात त्याची क्षारता खूप खाली येते. सी अर्चिन आणि त्याचे सगळे भाऊबंद खऱ्या समुद्राचे प्राणी आहेत. कमी खारं पाणी त्यांना झेपत नाही. खाडीचं पाणी *तपासायचं* असेल तर त्याची रीत वेगळी आहे, ती अकराव्या टप्प्यात दिली आहे.

दुसरा मोह घरच्या आरओ मशीनचा. बऱ्याच घरगुती मशीनमध्ये चव राखण्यासाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलं जातं, आणि हल्लीच्या पुष्कळ मॉडेलांत तांब्याचं कार्ट्रिज असतं. सी अर्चिनच्या गर्भाला लिटरमागे काही दहा मायक्रोग्रॅम तांबंही बाधतं. माणसाला चालणारं ते पाणी इथे विष ठरतं. पितळी तोटीतून काढलेल्या पाण्याची भीतीही तीच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, मग ते मोरबे धरणाचं असो की भातसाचं. डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाणीच वापरा आणि ते काचेत किंवा खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकमध्ये साठवा.

एक लिटर कृत्रिम समुद्रपाण्यासाठी:

- सोडियम क्लोराइड २४.७२ ग्रॅम
- पोटॅशियम क्लोराइड ०.६७ ग्रॅम
- मॅग्नेशियम क्लोराइड, सहा पाण्याचं, ४.६६ ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट, सात पाण्याचं, ६.२९ ग्रॅम
- कॅल्शियम क्लोराइड, दोन पाण्याचं, १.३६ ग्रॅम
- सोडियम बायकार्बोनेट ०.१८ ग्रॅम

क्रम असा ठेवा:

1. ८०० मिली पाण्यात पहिले चार क्षार एकेक करून विरघळवा. आधीचा पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा घालू नका.
2. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत बारीक धारेने ओता.
3. बायकार्बोनेट शेवटी. आधी घातलं आणि पाणी धुरकट झालं तर कॅल्शियम खाली बसलं असं समजा; ते पाणी टाकून द्या.
4. एक लिटरपर्यंत भरा आणि रात्रभर एअर पंपाने हवा सोडा.
5. सकाळी पीएच मोजा. तो ८.० ते ८.२ च्या बाहेर असेल तर सोडियम हायड्रॉक्साइड किंवा हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पातळ द्रावणाने थेंबाथेंबाने आणा.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट पाहा. मॅग्नेशियम क्लोराइड आणि कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल शोषतात. जुलैत बाटलीचं झाकण तासभर उघडं राहिलं की खडे ओलसर होऊन एकमेकांना चिकटतात. तेव्हा तुम्ही मोजलेल्या ग्रॅममध्ये बराचसा भाग नुसत्या पाण्याचा असतो. ओली झालेली बाटली या कामाला वापरू नका.

वजनं करायला अचूक तराजू नसेल तर मत्स्यालयाच्या दुकानातलं चांगल्या प्रतीचं मरीन सॉल्ट चालतं. साधं खाण्याचं मीठ किंवा गोड्या पाण्यातल्या माशांसाठीचं मीठ चालत नाही.

तपासा: क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आधी डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला आणा. वरच्या कृतीचं पाणी ३२ च्या (हजार भागांत ३२ भाग क्षार) आसपास दिसायला हवं. प्राणी ज्या पाण्यातून आले त्याची क्षारताही मोजून ठेवा. दोन्हींत २ पेक्षा जास्त फरक नसावा. असेल तर आपलं पाणी जुळवून घ्या.

याच दिवशी ०.५ मोलर पोटॅशियम क्लोराइडही करून ठेवा: ३.७३ ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात, एकूण १०० मिली.

## टप्पा ४: प्राणी आणणं

भारताच्या खडकाळ किनाऱ्यांवर काळपट जांभळा, जाड काट्यांचा स्टोमोप्न्यूस्टिस व्हेरिओलॅरिस भेटतो. सॅल्मॅसिसच्या जाती तमिळनाडूकडे, मन्नारच्या आखाताच्या बाजूला जास्त. बहुतेक जातींत नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत, म्हणून निदान पाच-सहा प्राणी लागतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ओहोटीला खडक सर्वांत जास्त उघडे पडतात. तरीही स्वतः उतरण्यापेक्षा, परवानगी असलेल्या संस्थेकडून किंवा तो किनारा ओळखणाऱ्या मच्छीमाराला सोबत घेऊन काम करा. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका. विभागप्रमुखांची लेखी परवानगी हातात ठेवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून संरक्षित आहे, तिथून काही उचलायचं नाही. समुद्री काकडी तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जाळ्यात चुकून आली तर लगेच परत पाण्यात सोडा.

कोकण रेल्वेने पनवेल किंवा ठाण्यापर्यंत आणताना प्राणी थोड्याशा पाण्याच्या पिशवीत घालू नका. त्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडात वेगळा गुंडाळा, वेगळ्या पिशवीत घाला आणि सगळ्या पिशव्या मासळीवाले वापरतात तसल्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा. बर्फाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कडेला. वितळलेलं गोडं पाणी प्राण्यांना लागता कामा नये.

वेगळं गुंडाळायचं कारण असं की हलल्याने किंवा तापल्याने एखादा प्राणी वाटेतच अंडी वा शुक्राणू सोडतो आणि त्याच्या पाण्याने बाकीचेही सुरू होतात. ठाण्याला पोहोचेपर्यंत सगळे रिकामे.

तपासा: लॅबमध्ये आल्यावर प्राणी उलटा ठेवा. निरोगी प्राणी काटे हलवतो, नळीपाय लांबवतो आणि हळूहळू स्वतः सरळ होतो. काटे लोळलेले, गळू लागलेले असतील तर तो बाजूला काढा. बाकीच्यांना हवा सोडलेल्या समुद्रपाण्यात रात्रभर विसावू द्या.

## टप्पा ५: अंडी आणि शुक्राणू काढणं

एका वेळी एकच प्राणी घ्या.

1. प्राणी समुद्रपाण्याने वरून धुवा आणि तोंडाची बाजू वर करून धरा. मध्ये पाच पांढरे दात, त्यांच्याभोवती मऊ कातडी दिसेल.
2. बारीक सुईची सिरिंज त्या कातडीतून तिरकी, कवचाच्या दिशेने घाला. दातांच्या मधून सरळ आत नाही. तिथे आतडं आहे. ते फुटलं तर तपकिरी पाणी बाहेर येऊन अंडी नासतात.
3. पाच-सहा सेंटिमीटरच्या प्राण्याला एकूण १ मिली पोटॅशियम क्लोराइड, दोन-तीन जागी विभागून द्या.
4. प्राणी हलकेच गोल हलवा, सरळ करा आणि पाठीच्या मधोमध असलेल्या पाच छिद्रांकडे पाहा.

दोन-चार मिनिटांत रंग कळतो. दुधासारखा दाट पांढरा पदार्थ म्हणजे शुक्राणू. पिवळसर, नारिंगी किंवा फिकट रंगाचे कण म्हणजे अंडी. पाच मिनिटांत काहीच आलं नाही तर आणखी अर्धा मिली द्या. त्यानंतरही काही नाही तर प्राणी रिकामा आहे. टोचत राहू नका.

मादी: समुद्रपाण्याने काठोकाठ भरलेल्या बीकरवर तिला उलटी बसवा, म्हणजे छिद्रं पाण्यात बुडतील. अंडी पाच बारीक धारांनी तळाशी उतरताना दिसतात. बीकर तिच्या अंगापेक्षा अरुंद हवा.

नर: पाण्यात ठेवायचा नाही. कोरड्या डिशवर ठेवून छिद्रांवरचा दाट पदार्थ लाल टेपच्या ड्रॉपरने उचला आणि लहान कोरड्या बाटलीत झाकून फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवा. दाट असताना शुक्राणू निपचित असतात आणि असे दिवसभर टिकतात. पाणी मिळताच ते पोहू लागतात आणि लवकर थकतात. आधीच पातळ करून ठेवलेलं शुक्राणूंचं पाणी ही सर्वांत नेहमीची चूक आहे.

सावध: नराला हात लावल्यावर हात, सुई आणि टेबल नळाच्या गोड्या पाण्याने धुवा, मग समुद्रपाण्याने. गोड्या पाण्यात शुक्राणू फुटून मरतात, म्हणून या एका कामाला नळाचं पाणी उत्तम. मादीवर ते शिंपडू नका.

## टप्पा ६: अंडी धुणं आणि पारखणं

अंडी तळाशी बसू द्या, वरचं पाणी हलकेच ओतून टाका, ताजं समुद्रपाणी घाला. असं तीनदा. तुटलेले काटे आणि विष्ठा काढायला आधी एकदा मऊ सुती कापडातून गाळा. कापड नवं असेल तर आधी उकळून खळ काढा.

मग एक थेंब स्लाइडवर घ्या. पक्व अंडं गोल, एकसारखं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं किंवा त्याहून थोडं लहान असतं आणि त्यात एक छोटासा स्वच्छ ठिपका दिसतो. तोच अंड्याचा केंद्रक. अपक्व अंड्यात मात्र मोठं पारदर्शक वर्तुळ दिसतं आणि त्याच्या आत एक गडद टिंब. अशी अंडी दहा टक्क्यांहून जास्त असतील तर दुसरी मादी घ्या. वेडीवाकडी, चिकटलेली किंवा आधीच आवरण फुललेली अंडी दिसली तर तो बीकर वापरू नका.

चाचणी फलन: सगळी अंडी पणाला लावण्याआधी घड्याळकाचेत अंड्यांचा एक थेंब घ्या, त्यात पातळ केलेल्या शुक्राणूंचा एक थेंब घाला आणि मायक्रोस्कोपखाली दोन मिनिटं बघत राहा. अंड्याच्या एका बाजूला पृष्ठभाग सुटल्यासारखा दिसतो, मग ती पारदर्शक कड अंड्याभोवती पळत जाते आणि मिनिटभरात अंडं एका स्वच्छ गोलाच्या आत मोकळं बसतं. हे फलनाचं आवरण. शंभरातल्या नव्वद अंड्यांवर ते आलं तर पुढे जा. नाहीतर दुसरा नर, मग दुसरी मादी, मग पाणी, या क्रमाने बदलून पाहा.

## टप्पा ७: फलन

1. सपाट तळाच्या भांड्यात अंडी अशी पसरा की एकच थर होईल आणि अर्धा तळ मोकळा दिसेल. अंडी एकावर एक साचली की खालची गुदमरतात.
2. दाट शुक्राणूंचा एक थेंब ५० मिली समुद्रपाण्यात मिसळा. हे मिश्रण पंधरा मिनिटांच्या आत वापरा.
3. १०० मिली अंड्यांच्या पाण्यात त्यातलं १ मिली घाला, एकदा हलकेच ढवळा आणि वेळ लिहा. इथून घड्याळ शून्य.
4. दोन मिनिटांनी नमुना पाहा. नव्वद टक्के आवरणं दिसली की अंडी बसू द्या, वरचं पाणी ओतून दोनदा ताजं समुद्रपाणी घाला.

"जास्त घातले म्हणजे नक्की होईल" या विचाराने शुक्राणूंचा मारा करू नका. अंड्याकडे दोन बंदोबस्त असतात. पहिला शुक्राणू शिरताच पटलाचा विद्युतदाब क्षणात बदलतो, आणि मिनिटभरात ते आवरण उठतं. गर्दी फार झाली तर पहिल्या बंदोबस्तातून दुसरा-तिसरा शुक्राणू निसटून आत शिरतो. आवरण तरीही सुंदर दिसतं, म्हणून दोन मिनिटांच्या तपासणीत हे कळत नाही. कळतं ते तासाभराने.

तपासा: पहिल्या विभाजनाच्या वेळी दोनऐवजी एकदम तीन किंवा चार पेशी होणारी अंडी मोजा. ती पाच टक्क्यांहून जास्त असतील तर शुक्राणू दहापट पातळ करून पुन्हा करा. ही बॅच प्रयोगाला वापरू नका. पुढची सगळी विकृती तुमच्या रसायनाच्या नावावर चढेल.

## टप्पा ८: वाढवणं

पाण्याची खोली सेंटिमीटरभर, झाकण सैल, ऊन नाही. रात्रभरासाठी मिलिलिटरमागे शंभर-दोनशे गर्भ पुरे.

एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये एसी बंद असलेली लॅब सहज ३३-३४ अंशांवर जाते. डिश थर्मोकोलच्या खोक्यात ठेवा, खोक्यात थोडं पाणी आणि गार पाण्याची बंद बाटली. थर्मामीटर खोक्यातल्या हवेत नको, डिशशेजारी तेवढ्याच खोल पाण्याच्या भांड्यात ठेवा. हवा आणि पाणी यांचं तापमान वेगळं असतं. एसी लावून जाणार असाल तर तो रात्री वॉचमन बंद करणार नाही, याची सूचना दारावर लावा.

पोहणारे ब्लास्टुला वर येतात आणि मेलेली अंडी तळाशी राहतात. आवरण फुटल्यावर वरचं पाणी गर्भांसकट दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओता. तळ तसाच ठेवलात तर रातोरात बॅक्टेरिया सगळ्यांना खातात आणि सकाळी वास येतो.

## टप्पा ९: पाहणं आणि मोजणं

कव्हर स्लिपच्या चारही कोपऱ्यांना मेणाचा बारीक ठिपका लावा, म्हणजे गर्भ चेपत नाहीत. दिव्याच्या उष्णतेने थेंब आटून खारट होतो. पंधरा मिनिटांनी नवी स्लाइड करा.

सोळा पेशींच्या वेळी एका टोकाला चार अगदी लहान पेशी शोधा. त्यांच्यावर चार मोठ्या आणि त्याही वर आठ मध्यम. त्या चार लहान पेशी स्पष्ट दिसल्या तर बॅच निरोगी आहे, ही माझी आवडती खूण. पुढे त्यांच्याच वंशातून सांगाडा घडतो. तो पाहण्यासाठी पोलरायझिंग फिल्मचे दोन तुकडे घ्या, एक दिव्यावर आणि एक नेत्रिकेवर. दुसरा फिरवत पार्श्वभूमी काळी करा. गॅस्ट्रुलाच्या आत तीन टोकांच्या दोन चिमुकल्या चांदण्या चमकतात. त्या कॅल्साइटच्या कांड्या, प्लुटियसच्या बाहूंची सुरुवात.

मोजताना प्रत्येक डिशमधून शंभर गर्भ, समोर येतील तसे. देखणे निवडू नका.

## टप्पा १०: दोन प्रयोग

### लिथियम

लिथियमचा परिणाम गॅस्ट्रुलाच्या वेळी दिसतो: आतडं आत वळण्याऐवजी बाहेर फुग्यासारखं लोंबतं. याला एक्झोगॅस्ट्रुला म्हणतात. जीएसके-३ हे विकर (एन्झाइम) लिथियममुळे दबतं, बीटा-कॅटेनिन हे प्रथिन जिथे साचायला नको तिथेही साचतं आणि वरच्या अर्ध्याच्या पेशी खालच्या अर्ध्यासारखं वागू लागतात.

1. ०.५ मोलर लिथियम क्लोराइड करा: २.१२ ग्रॅम, १०० मिलीला. हा क्षारही ओल शोषतो, चटकन मोजा. ही तीव्रता निवडली ती तिचा परासरण दाब समुद्रपाण्याच्या जवळ असतो म्हणून. जास्त पातळ द्रावण वापरलं तर क्षारता घटते.
2. १०० मिलीच्या तीन डिश: २, ४ आणि ६ मिली लिथियम, बाकी समुद्रपाणी. म्हणजे १०, २० आणि ३० मिलिमोलर.
3. तुलनेसाठी चौथ्या डिशमध्ये ६ मिली ०.५ मोलर सोडियम क्लोराइड आणि बाकी समुद्रपाणी, पाचवीत नुसतं समुद्रपाणी.
4. दोन पेशींच्या अवस्थेपासून आवरण फुटेपर्यंत गर्भ त्यात ठेवा, मग दोनदा धुऊन ताज्या समुद्रपाण्यात घाला.
5. पाचव्या डिशमधलं आतडं पूर्ण आत गेलं की सगळ्या डिश मोजा.

सावध: नुसत्या उष्णतेनेही एक्झोगॅस्ट्रुला होतो. पाचव्या डिशमध्ये तो दिसला तर दोष खोक्यातल्या तापमानाचा. त्या दिवशीचे आकडे वहीत ठेवा, पण निष्कर्षाला वापरू नका. पाचही डिश एकाच खोक्यात हव्यात. लिथियमची खिडकीजवळ आणि साधी फ्रिजशेजारी, असं चालणार नाही.

### दोन पेशी वेगळ्या करणं

जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स ड्रीशने १८९१ मध्ये दोन पेशींचे गर्भ जोरात हलवून त्यांच्या पेशी वेगळ्या केल्या आणि प्रत्येक अर्ध्यापासून लहान पण पूर्ण डिंभ मिळवला. आपल्याला तो हिसका द्यायची गरज नाही.

आवरण एकदा घट्ट झालं की निघत नाही. म्हणून फलन १० मिलिमोलर पॅरा-अमायनोबेन्झोइक आम्ल घातलेल्या समुद्रपाण्यात करा: १०० मिलीला १३७ मिलिग्रॅम. ते सावकाश विरघळतं आणि पीएच खाली आणतं. तो पुन्हा ८ वर आणायला विसरलात तर फलनच होणार नाही. आवरण उठल्यावर अंडी नायलॉनच्या जाळीतून हलकेच गाळा. जाळीचं छिद्र अंड्याहून थोडं मोठं आणि फुललेल्या आवरणाहून लहान हवं.

मग अंडी साध्या समुद्रपाण्यात धुऊन ठेवा. पहिलं विभाजन सुरू होताना ती कॅल्शियमविरहित पाण्यात न्या. तिसऱ्या टप्प्यातल्या समुद्रपाण्याच्या कृतीतून कॅल्शियम क्लोराइड वगळा आणि सोडियम क्लोराइड २५.५ ग्रॅम घ्या. दोन-तीनदा धुवा, नाहीतर उरलेलं कॅल्शियम पेशी धरून ठेवतं. विभाजन पूर्ण झाल्यावर ड्रॉपरने एक-दोनदा वरखाली करा. सुटलेली जोडी पाहताक्षणी दोन्ही पेशी वेगवेगळ्या लहान खळग्यांत, साध्या समुद्रपाण्यात ठेवा आणि जोडीला एकच क्रमांक द्या. जोड्या न पाळता सुटे अर्धे मोजले तर एका गर्भाचे *दोन्ही* अर्धे वाढले का, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो.

## टप्पा ११: खाडीचं पाणी तपासायचं असेल तर

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांना हा प्रोजेक्ट स्वाभाविकपणे सुचतो, आणि तो करण्यासारखा आहे. पण बहुतेक अहवालांत "प्रदूषणाने गर्भ मेले" असं लिहिलेलं असतं तिथे गर्भ मेलेले असतात ते कमी क्षारतेने.

नमुना घेतल्यावर बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय नमुने घेऊ नका. नमुना गाळा, क्षारता मोजा आणि कोरडे समुद्री क्षार घालून तुमच्या नियंत्रण (तुलनेच्या) पाण्याइतकी आणा. पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजनही जुळवा, अमोनिया मोजून लिहा. मग १००, ५०, २५ आणि १२.५ टक्क्यांच्या डिश लावा, पातळ करायला तुमचंच समुद्रपाणी.

दोन नियंत्रणं लागतात: एक साधं समुद्रपाणी, आणि दुसरं डिस्टिल्ड पाण्यात तेच कोरडे क्षार घालून केलेलं. दुसऱ्यातही गर्भ बिघडले तर दोष क्षारांचा. शिवाय तांब्याच्या सल्फेटची एक ज्ञात मालिका लावा, म्हणजे त्या दिवसाची बॅच विषाला प्रतिसाद देते हे सिद्ध होतं. साध्या समुद्रपाण्यात ऐंशी टक्क्यांहून कमी प्लुटियस झाले तर त्या दिवशीचा एकही आकडा अहवालात घेऊ नका.

## टप्पा १२: आवराआवर

प्लुटियसला पुढे वाढवायचं तर जिवंत एकपेशीय शैवालाची सोय आधीपासून हवी आणि गर्भांची गर्दी मिलिलिटरमागे एकावर आणावी लागते. ती सोय नसेल तर प्रयोग इथे थांबवा.

गर्भांचं पाणी गरम गोड्या पाण्यात ओतून मगच सिंकमध्ये सोडा. लिथियम आणि तांब्याची द्रावणं लॅबच्या रासायनिक कचऱ्याच्या बाटलीत. जगलेले प्रौढ प्राणी टाकीत ठेवा किंवा आणले त्या संस्थेला परत द्या. खाडीत किंवा तलावात सोडू नका, तिथे ते जगत नाहीत. काच गरम पाण्याने आणि मग डिस्टिल्डने खंगाळून उलटी वाळत घाला. टेप सुटली असेल तर त्याच रंगाची नवी लावा आणि कपाटावर "फॉर्मॅलिनला वापरू नये" अशी चिठ्ठी चिकटवा.